पाल पाळायचीय? पिंजरा नको!

भोपाळहून भाचीचा फोन आला की ती 'कशी आहेस' वगैरे विचारत बसत नाही. थेट मागणी करते. या वेळची मागणी होती, "मावशी, मला इग्वाना हवाय. आई नाहीच म्हणते. तू सांग ना तिला!"

इग्वाना म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हिरवा सरडा. पाठीवर मऊ काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती पिशवी, चेहरा कायम कंटाळलेला. शाळेत कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. त्यात तो एका मुलाच्या खांद्यावर शहाण्यासारखा बसला होता म्हणे. "काही करत नाही गं तो. नुसता बसतो."

नुसता बसतो, हे खरं. पण त्याला नुसतं बसता यावं म्हणून घरातल्या माणसांना काय काय करावं लागतं, ते व्हिडिओत दिसत नाही. दुकानातून आणताना तळहातावर मावणारा हा सरडा वाढून शेपटीसकट पाच फुटांचा होऊ शकतो. चांगला सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, म्हणजे चौथीत आणलेला इग्वाना तुम्ही कॉलेजात गेलात तरी घरीच! खातो पालेभाजी. ती एक सोपी गोष्ट. पण त्याला अतिनील किरण सोडणारा खास दिवा लागतो. त्या किरणांशिवाय त्याच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकडे होतात. खिडकीतून काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण नेमके हवे ते किरण काच अडवते. त्यातून भोपाळची थंडी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात इग्वाना मोकळे सुटून खूप वाढलेत. तिथं एखाद्या रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरला की ते झाडांवर गारठून निपचित होतात आणि पिकल्या आंब्यासारखे टपाटप खाली पडतात. तिथलं हवामान खातं लोकांना तसा इशाराही देतं. भोपाळच्या जानेवारीत त्याला ऊब द्यायची तर रात्रभर हीटर.

शिवाय कायदा. परदेशी प्राण्यांपैकी इग्वानासारखे जे जीव आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली येतात, ते घरी असतील तर सरकारकडे त्यांची नोंद करावी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये या नोंदणीचे नियम आले. आपल्या रानातली घोरपड पाळायचं तर मनातसुद्धा आणू नका. तिला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत जागा आहे. ती पकडली तर तुरुंग.

"मग मी पाळू काय?" भाची रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात जा. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे बघ."

दोन मिनिटं शांतता. मग कुजबुज ऐकू आली, "मावशी, छिपकली आहे!" भोपाळमधली मराठी मुलं घाईत हिंदीत बोलतात. ते चालायचंच.

भाचीच्या घरची मंडळी राहतात महाराणा प्रताप नगरात. सगळं भोपाळ त्याला एमपी नगर म्हणतं. झोन-१ आणि झोन-२ असे त्याचे दोन भाग. बँका, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, डीबी मॉल आणि स्पर्धा परीक्षांचे इतके क्लास की पाट्यांमागे इमारत शोधावी लागते. संध्याकाळी पाट्या उजळतात. उजेडाकडे किडे येतात आणि किड्यांमागून पाली. शहर आपल्यासाठी बांधलंय असं आपल्याला वाटतं. पालींना विचाराल तर त्या म्हणतील, एवढ्या चकचकीत खानावळी आमच्यासाठीच तर उघडल्यात!

भोपाळच्या भिंतींवर हमखास दिसते ती पिवळ्या पोटाची पाल. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, हेमिडॅक्टिलस फ्लेव्हिविरिडिस. एडुआर्ड रुपेल नावाच्या जर्मन संशोधकाने १८३५ साली तिची शास्त्रीय नोंद केली. ईशान्य आफ्रिकेपासून अरबस्तान, पाकिस्तान आणि उत्तर-मध्य भारतापर्यंत तिचा पसारा आहे. भरलेली मोठी पाल शेपटीसकट वीतभर होते. दिवसा राखाडी-तपकिरी, रात्री दिव्याखाली फिकट. तुमच्या गावात मात्र दुसरी जात असू शकते. कोकणात आणि मुंबईत जी रात्रभर मोठमोठ्याने चुकचुकते ती बहुतेक वेळा हिची चुलत बहीण असते.

तर पाळायची कशी? पकडायची नाही, बरणीत ठेवायची नाही, हातही लावायचा नाही. तिनं तिच्या जागी राहायचं, तुम्ही तुमच्या, आणि ओळख वाढवायची. माझ्या मते पाळण्याचा हा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. पाणी बदलायला नको, पिंजरा धुवायला नको, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगायला नको.

पहिलं काम, ओळखायचं. सगळ्या पाली सारख्याच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी शेपटीकडे बघावं. पालीची शेपटी तुटते हे सगळ्यांना माहीत आहे. खरं म्हणजे ती तुटत नाही, पाल ती सोडते. शेपटीच्या मणक्यांत मुळातच कमकुवत जागा ठरलेल्या असतात. मांजराने शेपूट धरलं की पाल तिथले स्नायू आवळते, शेपटी त्या जागी निखळते आणि रक्तही फारसं येत नाही. सुटलेली शेपटी काही मिनिटं वळवळत राहते. मांजर तिच्याशी खेळत बसतं, पाल कपाटामागे पसार. नंतर नवी शेपटी येते, पण हुबेहूब नाही. तिच्यात मणके नसतात, कुर्चेची एक सलग दांडी असते. कुर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते ना, ती. वरून खवल्यांची नक्षीही बदललेली, थोडी गुळगुळीत, कधी बुटकी. म्हणजे कुठली शेपटी जुनी आणि कुठली नवी हे लांबूनही सांगता येतं. भाचीने एका दिवसात दोन पाली वेगळ्या ओळखल्या, ट्यूबलाइटवाली लांबशेपटी आणि खिडकीवाली बंडी. नावं ठेवायला मी तिला शिकवलं नाही, ते मुलांना आपोआप येतं.

शेपटी सोडणं मात्र पालीला स्वस्त नसतं. चरबी ती शेपटीत साठवते. शेपटी गेली की थंडीच्या दिवसांसाठी साठवलेली शिदोरी गेली. म्हणून गंमत म्हणून झाडू मारून शेपटी पाडणाऱ्या दादा लोकांना माझं सांगणं, ती गंमत तुमची, उपास तिचा.

आता पाय. इथे जरा थांबू या, कारण पालीचे पाय ही जगातल्या भारी गोष्टींपैकी एक आहे. पाल उलटीसुद्धा चालते, हे ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. पण ती कशी चिकटते, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. आधी लोकांना वाटायचं की पायाला गोंद असेल, किंवा हवा खेचून धरणाऱ्या वाट्या असतील, किंवा भिंतीच्या खडबडीत भागात अडकणारे आकडे असतील. पण गोंद म्हणावा तर पालीच्या पायात तो स्रवणारी ग्रंथीच नाही. वाट्या म्हणाव्यात तर हवा काढून घेतली तरी पाय चिकटतो. आकडे म्हणावेत तर ती गुळगुळीत काचेवर कशी चढते?

उत्तर तुम्हाला घरातच बघता येईल. रात्री खोलीतला दिवा लावा. उजेडाला भुलून किडे खिडकीच्या काचेवर बाहेरून येतील आणि त्यांच्यामागून पाल. तुम्ही आतून काचेला नाक लावा. ती तिकडे, तुम्ही इकडे, मधे फक्त काच. आता तिचं पोट दिसेल, पिवळसर. आणि बोटांखाली दिसतील आडव्या पट्ट्या, एकामागे एक, मधोमध विभागलेल्या. भिंग असेल तर उत्तम. पण भिंगातूनही खरी जादू दिसत नाही. त्या प्रत्येक पट्टीवर सूक्ष्म केसांचं दाट रान असतं. टोके नावाच्या मोठ्या पालीचे (ही आपल्या ईशान्य भारतातही आहे) केस शास्त्रज्ञांनी मोजलेत. एका पायाला सुमारे पाच लाख! एकेक केस आपल्या डोक्यावरच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका बारीक. त्याच्या टोकाला शेकडो फाटे आणि प्रत्येक फाट्याचं टोक चपटं, एवढं लहान की एक मिलिमीटर लांबीत अशी पाच हजार टोकं ओळीने मावतील.

इतकी बारीक टोकं भिंतीच्या इतक्या जवळ जातात की पायाचे रेणू आणि भिंतीचे रेणू एकमेकांना ओढू लागतात. दोन वस्तू अगदी, अगदी जवळ आल्या की हे ओढणं सुरू होतं. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, हे नाव डच शास्त्रज्ञावरून पडलं. हे बल फार दुबळं असतं. पण लाखो केस गुणिले शेकडो टोकं असा हिशेब केलात तर दुबळं राहतं का? अमेरिकेत केलर ऑटम आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० साली पालीच्या एका केसाचं बल मोजलं आणि दोन वर्षांनी दाखवून दिलं की कारण हेच. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र पाल घसरते. न चिकटणाऱ्या तव्याला जे लावतात तेच टेफ्लॉन. ते रेणूंना फारशी दादच देत नाही.

भाचीचा लगेच प्रश्न, "मग ती पाय उचलते कसा? चिकटूनच नाही का राहणार?" शाबास! हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. पाल बोटं टोकाकडून वर गुंडाळत जाते. केसाचा कोन ठरावीक मर्यादेपलीकडे, साधारण तीस अंशांपुढे गेला की तो आपसूक सुटतो. हे ती सेकंदात कितीतरी वेळा करते. आणि चिकटण्यासाठी तिला जोर लावावा लागत नाही. नुकत्याच मेलेल्या पालीचे पायही जिवंत पालीइतकेच घट्ट चिकटतात, हे २०१४ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून झोपेत ती छतावरून पडत नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अभियंत्याने पालीच्या पायावरून बनवलेले तळवे हातात धरून काचेची भिंत चढून दाखवली. तुम्ही करायला जाऊ नका!

मग डोळे. पापणी नाही. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, कायमचा चष्माच. त्यावर धूळ बसली की पाल जीभ काढून पुसते. एकदा तरी हे बघायलाच हवं, पण त्यासाठी टॉर्च डोळ्यांत मारायचा नाही, ट्यूबलाइटचा उजेड पुरतो. बाहुली उभी असते, उजेडात बारीक रेघ आणि अंधारात मोठी. चांदण्यात आपल्याला फूल लाल की निळं ते कळत नाही. पालीच्या काही जाती मात्र तेवढ्या अंधुक उजेडातही रंग ओळखतात, हे स्वीडनमध्ये एका आफ्रिकी पालीवर केलेल्या प्रयोगांतून २००४ मध्ये समोर आलं.

एवढं होईपर्यंत भाचीची आजी फोनवर आली. आजीचं म्हणणं, पाल विषारी असते आणि अंगावर पडली तर पंचांग बघावं लागतं. पंचांगात 'पल्लीपतन' म्हणून खरंच तक्ता असतो, डोक्यावर पडली तर हे फळ, खांद्यावर पडली तर ते. पण मी पाहिलंय, पाल कुणाच्याही अंगावर पडो, फळ नेहमी तिलाच मिळतं, झाडूचं! त्याच आजीच्या घरात पाल चुकचुकली की सगळे 'सत्य आहे' म्हणून बोटांनी टकटक करतात. म्हणजे तिच्यावर विश्वासही आहे. तमिळनाडूत कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात तर छतावर सोन्याची आणि चांदीची पाल आहे, आणि लोक तिला हात लावायला रांगेत उभे राहतात.

विषाचं उत्तर सरळ आहे. आपल्या घरातल्या पालीला विष नसतं, दातांतही नाही आणि कातडीतही नाही. पण तिच्या पोटात आणि विष्ठेत साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. त्यांनी माणसाला उलट्या-जुलाब होतात. म्हणून दुधावर, आमटीवर झाकण ठेवायचं, पाल पडलेलं अन्न खायचं नाही, भिंत पुसल्यावर हात साबणाने धुवायचे. आजीची काळजी बरोबर, कारण चुकीचं. हे मी आजीला जरा मऊ शब्दांत सांगितलं.

विष्ठेचा विषय निघालाच आहे तर तीही बघा. काळी गोळी आणि एका टोकाला पांढरा ठिपका. काळं ते पचलेले किडे. पांढरं म्हणजे तिची लघवी! पाल लघवी पातळ करून पाणी वाया घालवत नाही. युरिक आम्लाचा घट्ट पांढरा कण बनवून टाकून देते. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही काटकसर तिला जगवते. त्याच दिवसांत कूलरच्या जाळीजवळ पाली जास्त दिसल्या तर नवल नको. तिथे ओल असते, थेंब चाटता येतात.

तर खरोखरच काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं? खायला घालायचं नाही. ती हलणारा जिवंत किडा खाते: डास, पतंग, रातकिडे, लहान झुरळं, कोळी. तिची सर्वांत मोठी मेजवानी पहिल्या पावसानंतर असते. पंखवाली वाळवी जमिनीतून उसळून एमपी नगरच्या दिव्यांभोवती घोंगावते, तेव्हा पाली इतकं खातात की पोटं टम्म फुगतात. नेमक्या त्याच संध्याकाळी घराघरांत कीटकनाशकाचा फवारा निघतो. तो टाळता आला तर टाळा, कारण औषध प्यायलेला किडा पालीच्याच पोटात जातो. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पाली हमखास अडकतात आणि हाल होऊन मरतात. तशी अडकलेली दिसली तर मोठ्यांना सांगा. खायचं तेल थोडं थोडं सोडलं की गोंद सैल होतो. ओढायचं मात्र नाही. दार लावताना बिजागरीच्या फटीत नजर टाका. अंड्याची टरफलं आणि मोरपिसं लावून पाली पळतात असं सांगतात, ते काही खरं नाही. पाल मोरपिसावर बसलेली पाहिलीय मी.

थंडीत ती दिसेनाशी होईल. घाबरू नका. तिचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. गारठ्यात स्नायू मंदावतात, म्हणून ती फटीत पडून राहते. होळीच्या सुमारास परत येते.

आणि अंडी. काचेतून बघताना पोटाच्या दोन बाजूंना दोन पांढरे गोल दिसले तर समजा, मादी आहे आणि लवकरच फटीत दोन अंडी घालणार. एका वेळी दोनच, चण्यापेक्षा थोडी मोठी, टणक कवचाची. साफसफाईत कपाटामागे अशी अंडी सापडली तर फिरवू नका. आतलं पिल्लू एका जागी धरलेलं असतं, अंडं उलटं झालं तर ते मरू शकतं. दीड-दोन महिन्यांत पिल्लू बाहेर येतं, बोटाच्या दोन पेरांएवढं. त्याला आई काही शिकवत नाही. उलट आईच काय, कुठलीही मोठी पाल त्याला खाऊ शकते. म्हणून ते ट्यूबलाइटपासून लांब, कोपऱ्यातली चिलटं पकडत राहतं.

घरातल्या पाली बघून मन भरलं की सरकत सरकत बाहेर नजर टाका. भोपाळच्या दक्षिणेला नर्मदा ओलांडली की सातपुडा लागतो. तिथे २०१४ साली एक नवी पाल शास्त्राला कळली, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. ती आपल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या सातपुड्यातही आहे. ही भिंतीवर चढत नाही, तिच्या बोटांना चिकटणारे केस नाहीत. जाड शेपटीची, ठिपकेदार, जमिनीवर हळू चालणारी. आणि हिला पापण्या आहेत! डोळे मिटून झोपणारी पाल. लोक तिलाही विषारी समजून मारतात. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ घाटघरच्या कातळांवर संशोधक वरद गिरी यांनी २००८ मध्ये आणखी एक नवी पाल शोधली. पालींवर आयुष्य घालवलेल्या ॲरन बाउर या अमेरिकी शास्त्रज्ञाचं नाव त्यांनी तिला दिलं. म्हणजे पाली बघता बघता माणूस कुठवर जाऊ शकतो पाहा.

भाचीने आता वहीत तक्ता केलाय: तारीख, दिवा लावला ती वेळ, बंडी बाहेर आली ती वेळ, खाल्लेला किडा. काल तिचा नवा प्रश्न आला. पालीला खायला साप घरात येतो का?

येतो. कवड्या नावाचा बिनविषारी साप रात्री भिंती चढून पाली शोधतो, पाल हेच त्याचं आवडतं खाणं. पण त्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे बघून तो अतिविषारी मण्यारसारखा वाटतो, आणि मण्यारही घरात येते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं उलटं असतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तकातच वाचायचं. प्रत्यक्षात असा पट्ट्यांचा साप दिसला तर ही परीक्षा तुम्ही द्यायची नाही. मागे सरकायचं, मोठ्यांना हाक मारायची आणि सर्पमित्राला बोलवायला सांगायचं.